आमच्या व्याह्यांची श्वासनळी

माझ्या व्याह्यांइतकं कमी बोलून जास्त पदरात पाडून घेणारा माणूस धाराशिव जिल्ह्यात दुसरा नाही. हे ऐकीव सांगत नाही. दोन शेळ्यांवर मी धंदा सुरू केला, जिल्ह्यातला एकही आठवडी बाजार सोडला नाही आणि भल्याभल्या गिऱ्हाइकांना घाम फोडला. मला चीत केलं ते एकाच माणसानं, बेंबळीला, त्याच्याच ओसरीवर, माझ्या मुलीचं लग्न ठरवताना. लग्न भूमला, आमच्या गावी व्हावं, असा माझा हट्ट होता. व्याही म्हणाले, "तुमचं म्हणणं बरोबर हाय, पण..." आणि गप्प झाले. नजर आढ्याकडे. समोरचा गप्प बसला की आपण त्याच्यापेक्षा जास्त गप्प बसायचं, हा माझा धंद्यातला नियम. पण हे गप्प बसणं काही वेगळंच होतं. शेवटी माझाच धीर सुटला. "बरं, बेंबळीत करू," मी म्हणालो. ते तरीही गप्प. मग मी वऱ्हाडाचं जेवणही माझ्याकडे घेतलं. त्यानंतर कुठं त्यांचं वाक्य पुरं झालं: "...पण भूम लांब पडतंय म्हणून जरा... आता तुम्ही इषय काढलाव तर भूमलाच करू, म्हणत होतो." तोवर आतल्या खोलीत बायकांनी बेंबळीतलं मंगल कार्यालय पक्कं केलं होतं.

तो डावपेच नव्हता, दमा होता, हे मला लग्नाच्या दिवशी कळलं. अक्षता पडायची वेळ झाली तरी नवरदेवाचे वडील जाग्यावर नाहीत. शोधत गेलो तर मांडवामागं, बँडच्या टेम्पोला टेकून उभे, हातात तंबाखूची चंची. मला वाटलं, या माणसाला तल्लफ आवरत नाही. तेवढ्यात त्यांनी चंचीतून निळा पंप काढून तोंडाला लावला. या माणसानं जन्मात तंबाखूला शिवलेलं नाही. पण गावात तंबाखू खाणारा म्हटलेलं चालतं, दमेकरी म्हटलेलं नाही, म्हणून वीस वर्षं चंची बाळगली. माझं डोकंच फिरलं. आमच्या बाजारात जनावराची खोड आधी सांगायची रीत आहे. शेळीचं एक सड दुधाला बंद असेल तर बंद आहे म्हणून सांगायचं. मी ओरडलो, "पाव्हणं, दमा हाय हे आधी सांगाय काय झालतं?" ते दम घेत म्हणाले, "विचारलं कुठं तुम्ही?" ही गोष्ट मी आठ वर्षं मनात ठेवली आहे.

एसटीत कंडक्टर म्हणून त्यांनी अख्खी नोकरी काढली, पण कधी आवाज चढवला नाही. चढवायला तो छातीत होताच कुठं? "सरका" एवढा एकच शब्द, तोही एकदाच, आणि मग असं बघायचे की दांडग्या बायासुद्धा टोपल्यांसकट मागं सरकायच्या. त्यांच्या दुष्मनांची यादी मोठी आहे: मिरचीची फोडणी, उदबत्ती, सोयाबीनच्या मळणीची धूळ, बांधावरचं काँग्रेस गवत, विहीणबाईंचं अत्तर. या यादीत माझाही नंबर आहे, कारण माझ्या अंगाला शेळ्यांचा वास आणि केस. म्हणून त्यांनी फाटकाजवळ खुंटीला माझ्यासाठी धुतलेला शर्ट टांगून ठेवलाय. मी गेलो की आधी हातपाय धुवायचे, तो शर्ट घालायचा, मगच चहा. शर्ट त्यांच्या मापाचा. माझी बटणं लागत नाहीत. आठ वर्षं मी व्याह्याच्या घरी पोट उघडं टाकून चहा पितोय.

यंदा आमची नात, वय सहा, पळाली की खोकायला लागली. माझी मुलगी घाबरली. मी चिडलो. रक्त कुणाचं आलंय ते उघड होतं, फक्त ते कागदावर कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं. त्याच सुमारास व्याह्यांना पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात बोलावलं होतं. ज्यांचा दमा औषधाला दाद देत नाही, अशांच्या श्वासनळीत नळी घालून, बारीक ब्रशनं आतल्या पेशी घेऊन, त्यातली जनुकं तपासणार होते. सोबत मी येतो म्हणालो. सगळ्यांना माझं कौतुक वाटलं. मी तो कागद आणायला निघालो होतो.

डॉक्टरीणबाई लहान वयाच्या, पण चिकाटीच्या. म्हणाल्या, "काका, जनुकं प्रत्येक पेशीत तीच असतात. पण श्वासनळीच्या अस्तरात कोणती जोरात काम करतायत आणि कोणती गप्प आहेत, ते आम्हाला बघायचंय."

"म्हणजे हायत सगळी, पण काम ठरावीकच करतेत?"

"बरोबर."

"आमच्या ग्रामपंचायतीगत. मग ह्यांच्यातलं कुठलं नातीत उतरलं, तेवढं लिहून द्या."

"ते यातून कळणार नाही."

"मग तिला दमा व्हईल का न्हाय?"

"होईलच असं नाही. होणारच नाही असंही नाही."

असा सौदा मी जन्मात पाहिला नव्हता. बोकड काळा असला तर करडू कोणत्या रंगाचं होईल, हे मी अंदाजानं सांगतो. आणि इथं एवढी यंत्रं लावून काहीच नाही. वर बाईंनी सांगितलं, की या तपासणीचा व्याह्यांना स्वतःला बहुतेक काही फायदा नाही, आणि त्रास होऊ शकतो. मी व्याह्यांचा हात धरला. "उठा पाव्हणं. फायदा न्हाय तर नळी कशाला घालून घेताव?" त्यांनी सही करून टाकली. म्हणाले, "आपल्या नातीच्या वेळंला... ह्या डॉक्टरांस्नी ठाव तर असल."

मग बाईंनी त्यांच्या घरचं विचारलं. आई? न्हाय. वडील? न्हाय. भाऊ-बहिणी? कुणालाच दमा नव्हता. मी म्हणालो, "नीट आठवा." बाई माझ्याकडे वळल्या. "नातीचं म्हणाल तर दोन्ही घरांचं बघावं लागतं. तुमच्याकडे कुणाला?"

"छ्या!" मी इतक्या जोरात म्हणालो की बाहेरची नर्स डोकावली. व्याही आढ्याकडे बघत होते.

त्यांना आत नेलं आणि मी बाकावर बसलो. तिथं मला माझी आई दिसायला लागली. हिवाळाभर ती भिंतीला पाठ लावून बसायची, छातीतून शिट्टी वाजायची. आम्ही त्याला कफ म्हणायचो. कफ म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही. मुलीचं जमवताना हे मी सांगितलं नव्हतं. आत एका माणसाच्या अरुंद नळीत आणखी एक नळी चालली होती, आणि मी बाहेर नर्सशी उगीच भांडत होतो, की एवढा वेळ का लागतोय.

परत येताना, एसटी बार्शीच्या पुढं आल्यावर, मी सांगून टाकलं. "पाव्हणं, माझ्या आईला दमा व्हता."

"ठाव हाय."

"कसं?"

"लग्नाआधी... भूमला चौकशी केलती म्या."

"आन् बोलला न्हाईत? मी आठ वर्सं तुमच्या नावानं शिमगा करालोय!"

"तुमाला... बरं वाटायलतं," ते म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून झोपले. मला राग आला होता, पण तो आता कुणावर काढायचा ते कळेना.

मला हवा होता तो दवाखान्याचा कागद अजून आलेला नाही. येणार नाही म्हणून बाईंनी सांगितलंच होतं. त्या नळीत कोणतं जनुक ओरडतंय आणि कोणतं गप्प बसलंय, हे मला आजही कळलेलं नाही. व्याही आता भूमला आमच्या फाटकापर्यंत येतात, शेळ्यांमुळं पुढं येत नाहीत. नातीला धाराशिवच्या डॉक्टरांनी पंप दिलाय आणि ती बरी आहे. परवा बेंबळीला त्यांच्या ओसरीवर आम्ही दोघं बसलो होतो. ती मधे येऊन उभी राहिली. मोठ्यांचं बोलणं तिनं कुठंतरी ऐकलं असणार.

"आजोबा, माझा खोकला कुणाचा हाय?"

"माझा," मी म्हणालो.

"न्हाय," व्याही म्हणाले. "माझा."

तिनं दोघांकडे बघितलं, तिला काही उमगलं नाही, आणि ती शेळीच्या करडागत उड्या मारत अंगणाच्या टोकाला पळाली. खोकला येतो का म्हणून आम्ही दोघं तिकडे कान लावून बसलो.