काळी चार

मराठीची एम.ए. होऊन आठ वर्षे लोटल्यावर मी संगीताच्या पदवीसाठी नाव घातले. तलासरीला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायचे आणि डहाणूच्या घरी परतून गायचे, असा माझा दिवस दोन भागांत चिरलेला होता. अंतिम वर्षाचा अर्ज सासऱ्यांनी त्यांच्या रेल्वेतल्या कारकुनी अक्षरात भरला. साथीदारासाठी गायकाची पट्टी लिहायचा रकाना आला, तेव्हा मला न विचारताच त्यांनी लिहिले : काळी चार. पेटीवरची ती उंच जागा माझ्या गळ्याची होती, आणि ती त्यांना पाठ होती.

"सूनबाई, तुमचा वरचा सा लागला की शेजारचा कुत्रा भुंकायचा थांबतो," ते चिकू निवडता निवडता म्हणायचे. "एवढी दाद मला नोकरीत कधी मिळाली नाही."

भाद्रपदात ते गेले. परीक्षा वैशाखात होती.

आमच्याकडे घरातला कर्ता गेला की वर्षश्राद्धापर्यंत गाणे नाही. टीव्हीसुद्धा मुका चालतो. बाराव्यानंतर मी तानपुऱ्याची गवसणी काढली आणि सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हाताला चिकूचा चीक लागलेला होता, बोटे काळी पडली होती.

"गाणं काय पळून जातंय?"

"आई, परीक्षा आहे. बाबांनीच अर्ज भरलाय."

"मग तोंडातल्या तोंडात म्हण. कुंपणापलीकडे लोक कान लावून असतात."

मी तोंडातल्या तोंडात म्हणू लागले. माजघराचे दार लावून, मोबाइलवरचा तानपुरा कानाशी धरून. उंच पट्टीत हळू गाता येत नाही. सूर दबला की घशात काटा उभा राहतो. म्हणून मी खाली उतरले. आधी काळी तीन, मग पांढरी चार, शेवटी पांढरी तीन. तिथे आवाज मऊ वाटायचा, भिंतीपलीकडे जायचा नाही. त्या मऊपणाची मला गोडी लागली, हे कबूल केले पाहिजे. सुरुवातीला सोय म्हणून पत्करलेली जागा हिवाळ्याअखेर माझी झाली होती.

एकदाच, कॉलेज सुटल्यावर, वाटेत वेवजीला उतरून गवताच्या माळावर गेले आणि मोकळा आवाज लावून पाहिला. वाळलेल्या गवताचा उग्र वास घशात गेला. भारा बांधणारी एक बाई उठून जवळ आली, माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

"बाई, कोण गेलं तुमचं?"

"सासरे."

"रडा, रडा. इथं कोणी येत नाय."

ती पुन्हा भाऱ्याकडे वळली. मी परत तिथे गेले नाही.

परीक्षेच्या खोलीत ओल्या खडूचा वास होता. तबलजी हातोडीने तबला ठोकून सुरात आणत होते, आणि पहिल्याच ठोक्याला मी ओळखले, ही काळी चार. तो स्वर माझ्या डोक्यावरून जात होता.

"दादा, पांढरी तीन मिळेल का?"

"ताई, फॉर्मवर काळी चार आहे. तोच तबला आणलाय. हा एवढा खाली उतरायचा नाही."

बागेश्री मध्यमापर्यंत नीट गेली. धैवतावर आवाज पातळ झाला, कोमल निषादावर चिरला. तार षड्जासाठी तोंड उघडले तेव्हा नुसती हवा बाहेर आली, गरम आणि कोरडी. परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. "पुढचा राग घ्या," ते हळू म्हणाले. त्यांच्या स्वरातली दया मला अजून ऐकू येते.

लेखी पेपरांनी मला तारले. पदवी मिळाली, प्रमाणपत्र एम.ए.च्या प्रमाणपत्राखाली कपाटात ठेवले.

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतः गवसणी झटकली. पाटावर बसल्या, पदर सारखा केला.

"हं, आता मोकळं गा. त्यांची पट्टी घे."

समुद्राच्या खाऱ्या हवेने तारा गंजल्या होत्या. छेडल्या की बोटांना तांबूस भुकटी लागत होती. मी काळी चार लावली, आणि निषादापाशी थांबले. त्या वाट पाहत राहिल्या. अंगणात चिकूच्या करंडीवर माश्या घोंगावत होत्या.

"घसा बसलाय का गं?"

"हो."

"बरा होईल."

आता घरी कोणी आले आणि गाण्याचा विषय निघाला की मी तोंड उघडण्याआधीच त्या सांगतात, "तिचा घसा बसलाय." दुसरे वर्ष आहे हे. पाहुणे मला काढा सुचवतात, आणि सासूबाई तो करून आणतात. त्यांच्यासमोर मी तो शेवटच्या कडू घोटापर्यंत पिते.