तासाला दोनशे, एकेक बघून

वेंडेलिन शाट्झला हळू काही करताच यायचं नाही. चाळीस वर्षं तो आमच्या टॉर्वाल गावच्या धान्याच्या कोठीवर कामाला होता. सुगीत गव्हाच्या ट्रकांची रांग थेट चर्चपर्यंत जायची आणि जो तो आभाळाकडे बघत ओरडायचा, "वेंडेलिन, आटप!" ती घाई त्याच्या अंगात मुरली. निवृत्त झाला, बायको गेली, तरी घाई काही गेली नाही. जेवण उभ्यानं उरकायचा. रविवारी पाद्रीबाबांच्या आधी ह्याचं 'आमेन' व्हायचं.

समोरच्या घरात अर्लिस ब्रेकहुस राहायची. नवरा, ऑर्व्हिल, वारल्यापासून एकटीच. वय अडुसष्ट. सव्वीस वर्षं ती अंड्यांच्या कारखान्यात होती. पट्ट्यावरून अंडी सरकत यायची, खाली दिवा असायचा, आणि आत रक्ताचा ठिपका आहे का, कवचाला तडा आहे का, ते हिनं बघायचं. कारखाना बंद पडला, पण नजर तशीच राहिली. माझ्या पोस्टाच्या खिडकीत ती तिकिटंसुद्धा उजेडात धरून बघायची. मी म्हणायची, "अर्लिस, सरकारनं छापलीत ती!" ती म्हणायची, "म्हणूनच बघते, डोरीन."

आमचा क्लब तबकड्या फोडणाऱ्यांचा. दर बुधवारी संध्याकाळी गावाबाहेरच्या माळावर पाच जण ओळीनं उभे राहतात, 'सोड!' म्हटलं की समोरच्या खड्ड्यातल्या यंत्रातून मातीची केशरी तबकडी उडते आणि ती छऱ्यांनी फोडायची. अर्लिसनं कधी बंदूक हातात धरली नव्हती. ऑर्व्हिल होता तेव्हा ती मागं खुर्ची टाकून गुण लिहायची, तो गेल्यावरही लिहीत राहिली.

त्या वर्षी क्लबला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. जुलैत मोठा सामना ठेवला होता, शेजारच्या ऑस्टबी गावच्या क्लबची माणसं येणार होती. आणि नेमकी त्याच वर्षी दुकानांतून तयार काडतुसं गायब झाली. मग ठरलं की आपणच भरायची. वापरलेल्या पुंगळ्या प्रत्येकाच्या घरी पोत्यांनी पडलेल्या होत्या. बंदुकीची दारू, छरे, बुडाशी बसवायच्या ठिणगीच्या टोप्या, असं सगळं ज्याच्याकडे होतं त्यानं आणून दिलं. भरायचं यंत्र वेंडेलिनकडे होतं. त्याच्या गॅरेजात टेबलाला बोल्टांनी जखडलेलं, गोल फिरणारं. हँडल एकदा ओढलं की एका पुंगळीची जुनी टोपी निघते, दुसरीला नवी बसते, तिसरीत दारू पडते, चौथीत प्लास्टिकचं बूच आणि छरे जातात, पाचवीचं तोंड मिटतं. म्हणजे दर ओढीला एक काडतूस तयार.

"तासाला चारशे!" वेंडेलिन कॉफीच्या दुकानात सांगत सुटला. "रेडिओवर बेसबॉल लावतो आणि ओढत सुटतो. सामना संपेपर्यंत माझी पेटी भरलेली असते."

"आणि आत काय पडलं ते कोण बघतं?" अर्लिसनं विचारलं.

"यंत्र बघतं की! तुम्ही काय इन्स्पेक्टरबाई, माझ्या गॅरेजातही पट्टा लावणार का?"

तिला चिडवायचं असलं की तो मुद्दाम 'तुम्ही' म्हणायचा. 

जूनच्या दुसऱ्या बुधवारी मी तिसऱ्या जागेवर उभी होते. वेंडेलिननं भरलेली काडतुसं आम्ही पहिल्यांदाच सरावाला घेतली होती. दहा-बारा बार मस्त गेले. मग मी 'सोड' म्हटलं, घोडा ओढला, आणि 'धाड' ऐवजी नुसतं 'फुस्स' झालं. तबकडी निघून गेली. सगळे हसले, मीही हसले. बंदूक उघडून ते काडतूस काढलं, दुसरं घातलं आणि खांद्याला लावणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"डोरीन! बंदूक खाली! खाली!"

अर्लिसला मी पन्नास वर्षं ओळखते. तिचा चढलेला आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. खुर्ची उलटी पाडून ती धावत आली. आधी काडतूस काढायला लावलं, मग नळी आभाळाकडे धरून खालून डोळा लावला.

"बघ," ती म्हणाली.

मी बघितलं. नळीतून आभाळ दिसायला हवं होतं. दिसला काळोख. त्या पुंगळीत दारू पडलीच नव्हती. नुसत्या टोपीच्या जोरानं बूच अर्ध्यापर्यंत सरकलं होतं आणि तिथंच अडकून बसलं होतं. मी पुढचा बार काढला असता तर नळी माझ्या डाव्या हाताजवळच फुटली असती.  मी गवतातच बसले.

वेंडेलिन आला, त्यानं नळीत बघितलं. त्याचा चेहरा पिठासारखा झाला. डोक्यावरची टोपी काढून तो माझ्यासमोर आला. "डोरीन, मी..." एवढंच म्हणून तो सगळ्यांकडची उरलेली काडतुसं गोळा करायला लागला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या गॅरेजात आम्ही तिघं होतो. भिंतीला काडतुसांच्या पेट्या लागलेल्या. तेवीसशे तयार. यंत्र उघडून बघितलं तर दमट हवेनं दारू नळीत चिकटून अडली होती. मधेच सुटायची, मधेच अडायची. रेडिओच्या नादात ह्याला पत्ताच नव्हता.

"सगळ्यांत मिळून एखादंच असेल गं तसलं," वेंडेलिन हळूच म्हणाला.

"असेल. कुठलं ते दाखव," अर्लिस म्हणाली.

त्यानं पेटीतलं एक काडतूस तळहातावर तोललं. "वजन करून कळणार नाही?"

"छरेच एका पुंगळीत दोन जास्त, दुसरीत दोन कमी पडतात. त्यात चिमूटभर दारू आहे की नाही, काटा काय सांगणार? बाहेरून सगळी सारखीच."

त्यानं खिशातून चाकू काढला आणि पहिली पेटी पुढं ओढली. तीन दिवस तो बसून ती तेवीसशे काडतुसं कापत होता. छरे एका बादलीत, दारू वेगळी. दारू त्यानं परसातल्या वाफ्यांत खत म्हणून पसरून टाकली. आम्ही मदतीला गेलो तर म्हणाला, "मी भरली, मीच उघडणार." एकूण चार निघाली. दोन पुरती रिकामी, दोन अर्धी. ती चार त्यानं खिडकीत ओळीनं मांडून ठेवली.

चौथ्या दिवशी सकाळी अर्लिस गळ्यात कारखान्यातला छोटा दिवा अडकवून त्याच्या गॅरेजात हजर झाली. पहिले दोन दिवस मात्र तिनं अतीच केलं. प्रत्येक पुंगळीतली दारू काट्यावर ओतून मोजायची, परत भरायची, तोंड मिटलेलं काडतूस पट्टीवर मापायचं. तासाला चाळीस झाली.

"इन्स्पेक्टरबाई," वेंडेलिन म्हणाला, "ह्या वेगानं आपण क्लबची शंभरी साजरी करू. तेव्हा तुमचं वय किती असेल हो?"

तिला हसू आलं. मग तिनं पट्टी खाली ठेवली.

"कारखान्यात पट्टा फार हळू केला ना, तरी वाईट अंडी सुटायची," ती म्हणाली. "डोळा कंटाळतो, भलतीकडे जातो. फार जोरात केला तरी सुटायची. मधला एक वेग असतो. तो शोधू या."

त्यांनी तो शोधला. वेंडेलिननं हँडल ओढायचं. दारू पडलेली पुंगळी फिरून बुचाखाली यायच्या आत अर्लिसनं तिच्यात दिवा मारायचा. दारू ठरल्या रेघेपर्यंत असली तर 'हो' म्हणायचं. 'हो' ऐकल्याशिवाय हँडलला हात लावायचा नाही. दर पंचविसावी काट्यावर. शंभर झाली की थांबायचं, अंगणात जाऊन कॉफी प्यायची. हवा दमट असेल त्या दिवशी सुट्टी. रेडिओ बंद, आणि यंत्रापाशी 'हो'शिवाय दुसरा शब्द नाही.

"एक शब्दही नाही?" वेंडेलिन कळवळला.

"एकही नाही."

तासाला दोनशे होऊ लागली. मी सकाळी टपाल लावून तिथून जायची तर गॅरेजातून ऐकू यायचं: खटक, हो. खटक, हो. खटक, हो. कॉफीच्या वेळी मात्र साचलेलं सगळं बोलणं वेंडेलिन एकदम बाहेर काढायचा आणि अर्लिसचं हसणं रस्त्यापर्यंत यायचं. मग कॉफीबरोबर केक आला. तो तिच्याकडचा. मग त्याच्याकडचं बटाट्याच्या गोळ्यांचं सूप आलं, त्याच्या आईच्या पद्धतीचं. ते तो बसून जेवायला लागला.

नवव्या सकाळी काय झालं ते वेंडेलिननंच गावभर सांगितलंय, आणि त्यातल्या चुका अर्लिसनं मागाहून दुरुस्त केल्यात, म्हणून मला नक्की ठाऊक आहे. बासष्टावी पुंगळी चालली होती.

खटक. "हो."

खटक. "हो."

खटक. "माझ्याशी लग्न करशील?" वेंडेलिन म्हणाला.

"हो," अर्लिस म्हणाली.

दोघंही थिजले. वेंडेलिनचा हात हँडलवर.

"ओढू नकोस," ती म्हणाली. "तो 'हो' पुंगळीचा होता. आणि खरं म्हणजे तिचाही नव्हता, मी बघितलंच नाही." तिनं ती पुंगळी उचलून बाजूला ठेवली. मग तिच्या आधीची तीनही काढली. "ह्याही गेल्या. तुझं लक्ष कुठं होतं?"

"तुझ्याकडे."

"तेच म्हणते मी. ह्या चारही मोड."

"आणि माझ्या प्रश्नाचं काय?"

"शंभर पूर्ण कर. मग बोलू. तोवर गप्प."

वेंडेलिन सांगतो, कोठीवर चाळीस सुग्या काढल्या पण त्या चाळीस-एक काडतुसांएवढा वेळ कधी लागला नाही. खटक, हो. खटक, हो.  तिचा चेहरा दिव्यामागं, काही कळू द्यायची नाही. शेवटचं काडतूस पेटीत पडलं. तिनं दिवा गळ्यातून काढला, विझवला, चष्मा पुसला.

"आता विचार."

त्यानं परत विचारलं. 

"तू कॅथलिक, मी ल्यूथरन," ती म्हणाली. "दोन्ही पाद्रीबाबांना तूच समजव. जेवताना उभं राहायचं नाही. आणि हो. हा 'हो' तुझा."

वेंडेलिन तिथून जो सुटला तो थेट माझ्या पोस्टात. कपाळावर घाम, हातात एक रिकामी पुंगळी तशीच. "डोरीन! हो म्हणाली! दोनदा!" रांगेत चार माणसं होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

जुलैच्या सामन्याला आम्ही घरची साडेतीन हजार काडतुसं उडवली. एकही 'फुस्स' झालं नाही. वारा जोराचा होता, तबकड्या वेड्यावाकड्या उडत होत्या, आणि चषक ऑस्टबीवाले घेऊन गेले. घेऊन जाताना त्यांच्या म्होरक्यानं विचारलं, "काडतुसं कुठली ही? एकसारखी चालतात." वेंडेलिन छाती फुगवून काही बोलणार तेवढ्यात अर्लिसनं त्याचा कोट मागून ओढला.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी वही मिटत होते. गुण त्या दिवशी मीच लिहिले होते. अर्लिस माझ्याकडे आली.

"डोरीन, तुझी बंदूक देशील? एकदा बघते."

"तू?"

"हजारो भरली. एक तरी उडवून बघायला नको?"

वेंडेलिननं तिच्या खांद्याला बंदूक नीट टेकवून दिली, आणि जन्मात पहिल्यांदा काहीही न बोलता तीन पावलं मागं सरकून उभा राहिला. तिनं काडतूस घालायच्या आधी नळीतून आभाळ बघितलं. पहिल्या चार तबकड्या खुशाल निघून गेल्या. पाचवीला ती एवढ्या मोठ्यानं 'सोड!' ओरडली की कुंपणावरची पाखरं उडाली.

तबकडी फुटली. केशरी तुकडे गवतावर पडले. अर्लिस वळून आमच्याकडे बघत राहिली, तोंड उघडं, डोळे लकाकलेले.

"आणखी आहेत ना?" तिनं विचारलं.

वेंडेलिन पेटी आणायला धावलाच.