बाणांची चार बटणं

नंदुरबारच्या मिरची बाजाराजवळ लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचा पूर्ण चेहरा मी कधीच पाहिला नाही. हंगामात तिथल्या हवेतच मिरची असते, म्हणून तो डोळ्यांपर्यंत रुमाल बांधून बसायचा. आलेला लॅपटॉप आधी चालू करायचा नाही. कानाशी धरायचा आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहायचा.

माझा लॅपटॉप जुना झाला होता, गेम मध्येच अडकायचे. रॅम वाढवावी की सरळ नवाच घ्यावा, एवढंच विचारायला गेलो होतो. त्यानं ऐकून झाल्यावर झाकण उघडलं आणि कीबोर्डवरून न टेकवता बोट फिरवलं.

"भाऊ, तुम्ही एकलाच खेळतस का?"

"हो."

"डावीकडना बटनं तुम्ही वापरतस, त्या साफ शेतस. बाकी बठ्ठा बटनस्वर मिरचीनी धूळ शे. मंग उजवीकडना ह्या चार बाण कसा साफ शेतस? कोन खेळस?"

ती बटणं माझ्या धाकट्या भावाची. एकाच लॅपटॉपवर आम्ही दोघं खेळायचो. मी डावीकडे, तो उजवीकडे, कोपराला कोपर लावून. तो वारल्यापासून त्या बटणांना मी हात लावलेला नाही.

त्या माणसानं पुन्हा विचारलं नाही. पुसायला घेतलेलं फडकं मात्र खाली ठेवलं.

"नवा ल्या, पन हाऊ जुना ईकू नका," तो हळूच म्हणाला. "तो मंग कोठे बसी?"

मी रॅम टाकून घेतली. हल्ली खेळताना मी थोडा डावीकडे सरकून बसतो.