नाव फार लांब आहे

माझी बॅग त्यांनी टेबलावर उलटी केली.

अमेयनं केली. सर हाताची घडी घालून बाजूला उभे. सगळं ऑफिस खुर्च्या वळवून बघत होतं. छत्री पडली. कंगवा पडला. पॅडचं पाकीट पडलं, तेही त्यानं दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवलं.

"डबा पण उघड," सर म्हणाले.

डब्यात भाकरी आणि सुकट. कुणीतरी उठून खिडकी उघडली. कुणीतरी हसलं. कोण हसलं ते मी बघितलं नाही. पण तो आवाज मला कुठंही ओळखता येईल.

मग पेन ड्राइव्ह सापडला. तो त्यांनी मीटिंगच्या मोठ्या स्क्रीनला लावला. माझ्या भावाच्या हळदीचे फोटो होते. माझी आई नाचताना. अंगभर हळद, पदर कमरेला खोचलेला, तोंड उघडं. सर म्हणाले, "नेक्स्ट." अमेय पुढचा लावायचा. "नेक्स्ट." अख्खी हळद त्यांनी बघितली. चोरीचं काही मिळालं नाही.

"ओके. भरून घे," सर म्हणाले.

मी माझ्या वस्तू भरून घेतल्या. सगळ्यांसमोर.

मी रोडपालीची. गाव आता सेक्टरांच्या मधे अडकलंय, पण आम्ही अजून गावच म्हणतो. वडील नाहीत. आई खाडीत जाते, चिखलातले निवट्या मासे, खेकडे आणते, कळंबोलीला विकते. मी कॉम्प्युटरची डिग्री घेतली आणि पनवेलला एसटी स्टँडजवळच्या या कंपनीत लागले. पहिल्याच आठवड्यात सरांनी सांगितलं होतं, "तुमची ती भाषा ऑफिसात नको. क्लायंट असतात." तेव्हापासून मी 'नाय'चं 'नाही' केलं. 'पानी'चं 'पाणी' केलं. तरी चहाच्या वेळी कुणी ना कुणी माझी नक्कल करायचं. "आमी जातू." मी पण हसायचे.

कंपनीचं काम एका बिल्डरचं होतं. रोडपाली, बेलपाडा, पळस्पे, अशा गावांतल्या जमिनी त्याला हव्या होत्या. कंपनीची माणसं गावात कॅम्प लावायची. जमीन द्यायला संमती म्हणून घरातल्यांचा फोटो, टॅबवर सही नाहीतर अंगठा, आणि खाली अटी. ज्याच्या त्याच्या अटी. कुणी म्हणायचं विहीर बुजवायची नाही. कुणी म्हणायचं देवाचा चौथरा तिथंच राहील. माझ्या आईनं लिहून घेतलं होतं, खाडीकडं जायची वाट बंद करायची नाही. कागद नव्हताच. सगळं टॅबवरून आमच्या सर्व्हरवर यायचं, एकेका घराची एकेक फाइल. ती जागेवर लावणारा प्रोग्राम अमेयनं लिहिला होता. अमेय आमचा सीनियर, पुण्याचा. मी त्याच्या हाताखाली.

आणि फायली गायब व्हायला लागल्या.

टॅबवर 'पाठवली' असं यायचं. सर्व्हरवर बघावं तर नाही. अमेयनं मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, "गंमत बघा. बिल्डरची स्वतःची एकही फाइल गेलेली नाही. गेल्यात त्या सगळ्या गाववाल्यांच्या. संमती नाहीशी झाली की ते उद्या नाही म्हणायला मोकळे."

एवढं बोलून तो माझ्याकडं बघत राहिला. मग सगळेच बघायला लागले. त्यानंतर बॅग.

बॅगेत काही निघालं नाही, म्हणून संशय कमी झाला असं नाही. वाढला. मी उठले की कुणीतरी माझ्या स्क्रीनकडं मान वळवायचं. मी फोन घेऊन जिन्यात गेले की मागून चपला वाजायच्या. आणि खरं सांगते, मीसुद्धा सगळ्यांवर संशय घ्यायला लागले. मला वाटायचं अमेयच पुसतोय. माझ्यावर आळ यावा म्हणून.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज गोड.

"उद्या बिल्डरच्या वकीलबाई येतायत. तू फक्त म्हण, चुकून डिलीट झाल्या. विषय संपला. नाहीतर मला पोलिसांत जावं लागेल. मुलगी आहेस, विचार कर."

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती खेकड्यांच्या नांग्या बांधत होती. हात थांबला नाही.

"तू लबाडी केलीस?"

"नाय."

"मंग मान खाली कशाला घातलीस?"

फोटोंचं मी तिला सांगितलं नाही. ती स्क्रीनवर नाचत होती आणि ते बघत होते, हे मला सांगता आलं नाही.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेले. माणसांना विचारण्यात अर्थ नव्हता. फायली जिथं राहतात त्या जागेलाच मी विचारायचं ठरवलं.

प्रोग्रामला विचारता येतं. फाइल जिथं ठेवायची त्या फोल्डरकडं बोट दाखवायचं आणि विचारायचं, तुझ्याकडं नाव किती लांब चालतं? तो आकडा सांगतो. प्रत्येक जागेचं उत्तर वेगळं असू शकतं, म्हणून तर विचारायचं. अमेयनं विचारलं नव्हतं. त्यानं प्रोग्राममध्ये दोनशे पंचावन्न असा आकडा कायमचा लिहून टाकला होता. जुन्या डिस्कवर ते बरोबरही होतं. पण मध्यंतरी सरांनी सगळा डेटा नव्या, कुलूपबंद फोल्डरमध्ये हलवला होता. तिथं नावंसुद्धा सांकेतिक करून ठेवतात. त्यात जागा जाते.

मी चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. विचारलं. उत्तर आलं, एकशे त्रेचाळीस.

मी परत चालवला. एकशे त्रेचाळीस.

हे बाइट. अक्षरं नाहीत. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये बसतं. आपल्या देवनागरीला प्रत्येक अक्षराला तीन लागतात, प्रत्येक काना-मात्रेला वेगळे तीन. बिल्डरच्या फायलींची नावं इंग्रजी, आखूड. आमची नावं? 'रोडपाली गणपत हिरू म्हात्रे मयत तर्फे वारस विठाबाई गणपत म्हात्रे व इतर.' बसतच नव्हतं.

मी दुसरा प्रश्न विचारला. नाव जास्त लांब आलं तर तू गुपचूप कापतोस, की नकार देतोस? उत्तर आलं, नकार देतो. म्हणजे यंत्र प्रत्येक वेळी सांगत होतं, नाव फार लांब आहे, ठेवणार नाही. अमेयचा प्रोग्राम ते ऐकतच नव्हता. फाइल ठेवली गेली असं धरून चालायचा आणि हातातली प्रत पुसून टाकायचा.

कुणी चोरत नव्हतं.

वकीलबाई आल्या. आवासकर बाई, बिल्डरच्या वकील. केस पांढरे, चष्मा गळ्यात. सरांनी चहा मागवला आणि माझ्याकडं हात केला. "मॅडम, आमच्या या मुलीकडून जरा चुकून..."

"नाही," मी म्हणाले.

सर थांबले.

"माझ्याकडून काही झालं नाही. दाखवते."

मी लॅपटॉप त्याच मोठ्या स्क्रीनला लावला. विचारलं, आकडा आला. आईच्या नावाची फाइल ठेवून बघितली. नकार आला, सगळ्यांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.

अमेय म्हणाला, "नावाची लिमिट टू फिफ्टी फाइव्हच असते. कुणालाही विचार."

"या फोल्डरला विचारलंय," मी म्हणाले.

त्याच्या चेहऱ्यावर राग होता. आश्चर्य नव्हतं. मी ते नीट बघितलं. त्याला आधीच माहीत होतं का, ते मला अजून ठाऊक नाही.

मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, पोरीवर उगाच आळ घेतला. कुणी म्हणालं नाही. वकीलबाईंनी चष्मा लावला, स्क्रीन बघितली आणि विचारलं, "म्हणजे गेलेल्या संमती परत मिळणार नाहीत?"

"नाही," अमेय म्हणाला.

"मग परत कॅम्प लावा."

सरांचा चेहरा उजळला. "उलट बरंच झालं मॅडम. या वेळी फॉर्म सुटसुटीत करू. नावं इंग्रजीत घेऊ, आखूड. आणि तो अटींचा रकाना काढून टाकू. कटकट नको. गावात सांगू, केवायसी अपडेट आहे."

वकीलबाईंनी क्षणभर माझ्याकडं बघितलं. मग चहाचा कप उचलला. "हे या खोलीबाहेर जायला नको," त्या म्हणाल्या.

तेव्हा मला कळलं. मी सकाळपासून धडपडत होते ती मी चोर नाही हे सिद्ध करायला. यांच्यासमोर. आणि विहीर, चौथरा, आईची वाट, हे सगळं दोन वाक्यांत, बिस्किट चहात बुडवता बुडवता पुसलं जात होतं. डोळ्यांदेखत. याला कुणी चोरी म्हणत नव्हतं. यासाठी कुणाची बॅग उलटी होणार नव्हती.

सर माझ्याकडं वळले. "वेल डन हां. आता अमेयबरोबर बसून फिक्स करून टाक."

"नाय करनार," मी म्हणाले.

"काय?"

"आमच्या लोकांना सांगायला पायजे, तुमचं लिवलेलं गेलं म्हनून. अटींसकट परत लिवून घ्यायला पायजे. त्ये करत असाल तं मी बसते. नायतर नाय."

"बॅगेचं मनाला लावून घेतलंस का? तुम्ही लोक ना, फार सेन्सिटिव्ह."

"बॅगेची माफी तुमी मागा नायतर नका मागू. मी गावात सांगनार हाय."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

मी परत गेले नाही.

त्याच संध्याकाळी देवळासमोर बायका बसल्या होत्या, त्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुरुष माणसं आली. अर्ध्यांचा विश्वास बसला नाही. एक काका म्हणाले, "नोकरीवरून काढलं म्हनून पोर बोलतंय." मी म्हटलं, माझ्यावरपन विश्वास ठेवू नका. कंपनीला विचारा, आमच्या अटी दाखवा. त्यांनी फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "कसल्या अटी?" काकांनी फोन खाली ठेवला आणि मला बसायला जागा करून दिली.

मग मी आईला हळदीच्या फोटोंचंही सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी नाचले त्यात लाजायचं काय? लाजायचं त्यांनी."

बेलपाड्यालाही जाऊन आले. पळस्प्यालाही जाणार आहे. सरांचे फोन येतात, आधी गोड, मग कायद्याचे. अमेयचा एकदा आला, काहीच बोलला नाही, ठेवून दिला. कशासाठी केला होता, मला कळलेलं नाही. त्याच्यावर विश्वास ठेवायचं कारणही दिसत नाही.

कॅम्पची गाडी परवा रोडपालीत येतेय. मी टॅबच्या शेजारीच उभी राहणार आहे. फॉर्म मी मोठ्यानं वाचणार, आमच्या भाषेत, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. अटी लिहून, त्यांची छापील प्रत हातात पडल्याशिवाय एकही अंगठा त्या काचेला लागू देणार नाय. पोलीस आणायचे असतील तर आणा. मी हलनार नाय.