वामनरावांच्या स्वप्नात सुमनवहिनी

भुताखेतांचे आणि स्वप्नांचे किस्से कधी एकटे येत नाहीत. एकानं आपल्या मामाला दिसलेली पांढऱ्या साडीतली बाई काढली, की दुसऱ्याच्या आत्याच्या लगेच अंगात येतं! मला तर असल्या गोष्टींचं लहानपणापासून वेड. त्यात नोकरी मिळाली वर्ध्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. दुपारी बोर्ड थंडावला, की आम्ही ऑपरेटर हेडफोन मानेवर सरकवून हेच दळण दळायचो. ऐंशीच्या आगेमागे आमच्याकडे असे किस्से पोत्यानं जमले होते. त्यातले निम्मे एकट्या वामनराव ढग्यांचे.

वामनराव ट्रंक बोर्डावर बसायचे. मुंबई असो की मद्रास, त्यांनी लाइन लावून दिली नाही असं क्वचितच व्हायचं. त्यांची बायको सुमनवहिनी अचानक गेली. वामनराव ड्युटीवर होते. दवाखान्यात पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. सिस्टरनं सांगितलं, शेवटी बाई ‘यायले सांगजा’, म्हणजे ह्यांना सांगा, एवढंच बोलल्या आणि थांबल्या.

काय सांगायचं होतं? वामनरावांना तेवढं एक हवं होतं. वहिनींनी एकदा स्वप्नात यावं आणि वाक्य पुरं करावं. पण वहिनी काही येईनात.

* * *

पहिला उपाय मीच सुचवला, प्लँचेट! रेस्टरूममधला कॅरम बोर्ड घेतला, कडेनं इंग्रजी अक्षरं मांडली, मधे वाटी उपडी घातली. वामनराव बोट ठेवता ठेवता थबकले.

“सुमनले एबीसीडी येत नाई,” ते म्हणाले. “चवथी शिकली ते. मराठीत मांडा.”

मराठीत म्हणजे काना, मात्रा, वेलांटी सगळं आलं. कॅरम बोर्ड पुरेना. शेवटी आम्ही खडू घेऊन रेस्टरूमची अख्खी फरशी बाराखडीनं भरून काढली. तिघं जण ‘ज्ञ’च्या जवळ उकिडवे बसलेलो असताना दारात साहेब उभे!

साहेबांनी फरशी पाहिली, आम्हाला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. प्रौढ शिक्षणाचा वर्ग काढल्याबद्दल त्यांनी आमची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवसापासून शिपाई पाटी घेऊन हजर. त्याला सही येईपर्यंत आम्हाला शिकवावं लागलं.

* * *

मग शेजारच्या चौधरीकाकूंचं प्रकरण झालं. वहिनी त्यांच्या स्वप्नात आल्या आणि ‘माझं पुरणयंत्र वापरत जा, गंजून जाईल’ म्हणाल्या. काकूंनी हे कौतुकानं सांगितलं. वामनरावांचा चेहराच पडला. त्यांनी वकिलासारखी उलटतपासणी घेतली. कोणतं लुगडं होतं, बसली होती का उभी होती, आणि माझं काही विचारलं का?

काकू म्हणाल्या, नाही बा.

वामनरावांनी पुरणयंत्र नेऊन दिलं, पण अबोला धरला. आमच्यापाशी कुरकुरत राहिले, की शेजारणीच्या घरी जायला हिला सवड आहे! काकूंना बिचारीला वाईट वाटलं. त्यांनी आठवड्यानं दुसरं स्वप्न सांगितलं. वहिनी पुन्हा आल्या आणि ‘वामन बरा आहे ना?’ असं विचारून गेल्या.

“खोटं हाये,” वामनराव म्हणाले. “सुमन माह्यं नाव घेईन काय?”

उखाण्यापलीकडे वहिनींनी त्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं. पण काकूंनी आपल्यासाठी खोटं बोलावं यानं त्यांना भरून आलं, आणि अबोला तिथेच संपला.

* * *

आमचा मेकॅनिक गजभिये यातलं काहीच मानायचा नाही. त्याच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातले देव, अंगारे, ताईत सगळं एकदमच बाहेर काढलं. गजभियेचं म्हणणं एकच, की माणूस मेला की लाइन कट. पण जामच्या फाट्यावर एक बाबा हवं ते स्वप्न पाडून देतो असं कळलं, तेव्हा वामनरावांबरोबर एसटीनं गेला तो गजभियेच. म्हणाला, यांना कोणी फसवू नये म्हणून जातो.

बाबानं मीठ बंद केलं आणि उशीखाली लिंबू ठेवायला सांगितलं. वामनराव अळणी जेवले, लिंबावर झोपले. स्वप्न पडलं! स्वप्नात साहेब आले आणि रात्रभर रजेचा अर्ज मागत बसले. आम्ही पोट धरून हसलो. वामनरावही हसले. मग डबा उघडून त्यांनी अळणी भाजी खाल्ली, कारण पथ्य अजून बाकी होतं. तेव्हा मात्र कुणाला हसवेना.

* * *

पुढे वर्षभर त्यांनी हा विषय काढला नाही. मग एका दुपारी ड्युटीवर येऊन खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले, “आलती.”

आमच्या हातातल्या कॉर्डा तशाच राहिल्या.

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. वरणाला फोडणी द्यायला तेल ठेवलं होतं. वामनरावांना पाहून म्हणाल्या, जिरं संपलं, लवकर घेऊन या. वामनराव पिशवी घेऊन निघाले. दुकानात ही गर्दी! यांचा नंबर लागायच्या आत जाग आली.

मी न राहवून विचारलं, “अन् ते? ते विचारलं नाई?”

“काय विचारू? ते गेली, हे स्वप्नात ठाऊकच नव्हतं मले. रोजच्यासारखी घरीच होती ना!” वामनरावांनी हेडफोन डोक्याला चढवला. मग म्हणाले, “तिकडं तेल तापून राह्यलं असंन.”

गजभिये उठला. त्यानं वामनरावांच्या डोक्यावरचा हेडफोन काढला, माझ्या हातात दिला आणि त्यांची पिशवी खुंटीवरून काढून त्यांच्यापुढे धरली.

“दुकान उघडं हाये, वामनराव,” तो म्हणाला. “जिरं घ्या अन् घरी जा.”