अर्ध्या पुस्तकावर पूर्ण मत

जालना जिल्ह्यात पुस्तकांविषयी ठाम मत असलेला एकच माणूस उरला आहे आणि तो दुर्दैवाने माझा साडू आहे. बाकीच्यांना मतं नसतात असं नाही, पण ती "तसं बरंय", "वेळ जातो", "शेवट जरा ओढलाय" अशी गुळमुळीत असतात. आमचे थोरले साडू एक तर पुस्तक डोक्यावर घेतात, नाही तर भिरकावून देतात. भिरकावतात हे मी अलंकारिक म्हणत नाही. जुन्या जालन्यात त्यांचं कापडाचं दुकान आहे. त्या दुकानाच्या पायरीवरून यशस्वी जीवनाचे मार्ग सांगणाऱ्या एका पुस्तकाने थेट चालत्या ऑटोत उडी घेतलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. ऑटोवाला बिचारा ते परत द्यायला आला, तर साडू म्हणाले, "ठिव तुला. पहाटं उठा, पहाटं उठा म्हणून सांगून राह्यलाय. उठून काय करायचं ते बिलकुल सांगत न्हाई."

कापडाच्या दुकानात वाचन कसं जमतं, असं कुणाला वाटेल. जमत नाही. गिऱ्हाइकांना जमवून घ्यावं लागतं. एकदा कुंभार पिंपळगावहून एक मंडळी लग्नाचा बस्ता बांधायला आली होती. नवरीची आई, दोन माम्या, एक चिडके आजोबा आणि कुणीच काही विचारत नाही म्हणून रुसलेला नवरीचा बाप. साडू गादीवर तक्क्याला टेकून एका ग्रामीण कादंबरीत बुडाले होते. नवरीच्या आईने शालू दाखवा म्हटलं, तर त्यांनी मान वर न करता हात वर केला. "थांबा माय. बाई इहिरीपाशी गेलीय." आता विहिरीपाशी बाई गेली म्हटल्यावर कोण शालू मागेल? माम्या खाली बसल्या. आजोबांनी विचारलं, "कोणाची बाई?" साडूंनी सांगितलं. सासू कशी, नवरा कसा, सगळं सांगितलं. मग पान उलटून जाहीर केलं, "पाणी भरून परत आली," आणि अख्ख्या वऱ्हाडाने श्वास सोडला. त्यानंतर बस्ता इतका झटपट बांधला गेला की रुसलेल्या बापाला रुसवा काढायलासुद्धा फुरसत मिळाली नाही.

पण त्यांच्या मतांचं खरं वैशिष्ट्य वेगळंच आहे. ती अर्ध्या पुस्तकावर दिलेली असतात, आणि तेही मागच्या अर्ध्यावर. साडू कोणतंही पुस्तक मधून वाचायला सुरुवात करतात. त्यामागे धंद्याचं शास्त्र आहे. कापडाच्या थानाचा वरचा पदर गिरणीवाला मुद्दाम चांगला ठेवतो. डाग, गाठी, सुटलेले धागे आतल्या घड्यांत असतात. म्हणून जाणता दुकानदार थान घेताना मधून उलगडून बघतो. "लेखकबी तसाच," साडू म्हणतात. "पहिली पन्नास पानं घासूनपुसून ठिवतो. खरा माल मधी कळतो."

या शास्त्राला त्यांच्या समोरच्या दुकानदाराने हातभार लावला. गल्लीच्या पलीकडे अस्तर, गुंड्या, रिळं आणि लेस विकणारे एक चाचा होते. सडपातळ, शांत, पांढरी दाढी नीट कातरलेली. घरी उर्दू, दुकानात मराठी, आणि राग आला की दोन्हीची खिचडी. चाचाही वाचणारे. मराठी सावकाश वाचायचे, पण ओळ सोडायचे नाहीत. दोघं मिळून भागीत पुस्तक घ्यायचे. एक पुस्तक दोघांनी एका वेळी वाचायचं कसं, हा प्रश्न जगातल्या इतर वाचकांना पडत असेल. साडूंनी तो कापड कापायच्या मोठ्या कातरीने सोडवला होता. नवं कोरं पुस्तक बरोबर मधोमध कापायचं. पुढचा भाग चाचांचा, मागचा साडूंचा. वाचून झाला की अदलाबदल, आणि दोघांचं संपलं की चाचा दाभणाने, जाड दोऱ्याने दोन्ही भाग पुन्हा शिवून टाकायचे. साडूंच्या कपाटात अशी शिवलेली पुस्तकं ओळीने उभी आहेत. पहिल्यांदा ते कातरकाम पाहिलं तेव्हा मी कातरी धरायला धावलो होतो. पाटबंधारे खात्यात मी जन्म काढला, तिथे कागद कुजू देतात, पण फाडत नाहीत.

या पद्धतीचे परिणाम व्हायचे ते होत. रहस्यकथेत खुनी कोण ते साडूंना पहिल्याच दिवशी कळायचं. त्याने त्यांची गोडी कमी होत नसे, उलट वाढे. मग पुढचा भाग हातात आला की ते गुप्तहेरावर ओरडत वाचायचे. "आरं, तुझ्यासमोर बसून चहा पिऊन राह्यलाय तो! धर की त्याला!" आत्मचरित्रात त्यांना आधी माणसाचे सत्कार भेटायचे आणि मग त्याची गरिबी. म्हणून एका मोठ्या माणसाच्या आत्मचरित्रावर त्यांनी मत दिलं, "वाईट वाटलं. एवढं सगळं होतं, शेवटाला चिमणीच्या उजेडात अभ्यास करायची पाळी आली." प्रवासवर्णनं त्यांना सोसत नाहीत. धबधब्यावर तीन पानं लिहिणारा माणूस त्या दिवशी जेवला कुठं हे लिहीत नाही, ही त्यांची कायमची तक्रार. ऐतिहासिक कादंबऱ्यांवर त्यांचं मत असं की यातले लोक घरात मीठ मागायचं झालं तरी छाती पुढं काढून मागतात. कवितेला मात्र ते मान देतात, आणि का ते विचारलं तर म्हणतात, "कमी पानांत आवरतं घेतो. दुसऱ्याच्या वेळेची कदर असलेला माणूस."

सगळ्यात कहर झाला तो पोटाच्या विकारांवरच्या पुस्तकाने. पुढच्या भागात विकारांची लक्षणं होती, मागच्या भागात उपाय. साडूंकडे अर्थातच नुसते उपाय. आपल्याला काय झालंय हे कळायचा मार्ग नसल्याने त्यांनी सगळेच करून पाहिले. ओव्याचं पाणी, मग एरंडेल, मग ताक, मग लंघन, मग नुसती मोसंबी. आमच्या मेहुणीबाई, ज्यांना सगळे अक्का म्हणतात, त्या रडकुंडीला आल्या. तिकडे चाचा लक्षणं वाचून हवालदिल झाले होते, कारण त्यांना ती सगळीच आपल्यात दिसत होती. शेवटी अक्कांनीच दोघांकडचे भाग जप्त केले, आणि दोघं बरे झाले.

वाद हा तर त्यांचा रोजचा नाश्ता. साडू आपल्या गादीवरून मत ठोकायचे आणि चाचा समोरून, गुंड्या मोजता मोजता, खोडून काढायचे. "सेठ, पहले माझा हिस्सा वाचा, मंग बोला." "वाचल्यावर काय, कुनीबी बोलंल!" गल्लीतले हमाल पाठीवरचं पोतं न उतरवता दोन मिनिटं थांबून ऐकायचे. मला नेहमी वाटे की साडूंच्या मतांत जो दम आहे, त्यातला निम्मा समोरच्या दुकानातून येतो.

आणि मग ती दोन भावांची कादंबरी आली. चांगली जाडजूड होती, कापताना कातरी दोनदा अडली. साडूंच्या भागात थोरला भाऊ अंथरुणाला खिळलेला, धाकट्याची वाट बघतोय, आणि धाकटा निरोपावर निरोप येऊनही जात नाही. साडू पेटले. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या त्यांनी गल्लीला ऐकू जाईल असा निकाल दिला, "हा धाकटा माणूस न्हाई, दगड आहे." चाचा म्हणाले, "सेठ, थोरल्याने त्याच्याशी काय केलं ते माझ्या हिश्शात आहे. सुनो तो सही." साडूंना ऐकायचं नव्हतं. चाचांनीही त्या दिवशी नेहमीसारखं हसून सोडून दिलं नाही. ते धाकट्याची बाजू घेत राहिले, आवाज चढत गेला, आणि मी तिथेच बसलो असताना साडू बोलून गेले, "तुमी त्याची बाजू घेणारच की! तुमचा सख्खा भाऊ तिकडं हैदराबादला झुरून राह्यलाय. तुमी गेल्तात का कदी?"

ही गोष्ट चाचांनी त्यांना कधीतरी विश्वासाने सांगितली होती. चाचांच्या मुलीच्या लग्नात मानपानावरून दोघा भावांत काही झालं आणि बोलणं तुटलं. आता थोरला भाऊ आजारी होता. हे सगळं साडूंनी गिऱ्हाइकांसमोर, हमालांसमोर चव्हाट्यावर आणलं. चाचांनी काउंटरवरचा आपला अर्धा भाग उचलला, आत नेला, आणि गुंड्यांचे डबे लावायला लागले.

त्यानंतर गल्लीत शांतता पसरली. दोन्ही दुकानं समोरासमोर उघडायची, दोघं समोरासमोर बसायचे आणि एकमेकांच्या डोक्यावरून बघायचे. साडूंना अस्तर लागलं तर ते बाजाराच्या दुसऱ्या टोकाहून आणवायचे. पण खरा बिघाड अक्कांनी ओळखला. एक दिवस त्यांनी मला फोन केला. "भाऊजी, एकदा येऊन जा. दोन पुस्तकं वाचून संपली यांची, अन् मत देऊन न्हाई राह्यले." मी गेलो. विचारलं, कसं आहे हे नवं पुस्तक? साडू म्हणाले, "तसं बरंय." मी हादरलो. त्या माणसाच्या तोंडून "तसं बरंय" ऐकणं म्हणजे कोर्टात न्यायाधीशाने "तुम्हीच काय ते बघा" म्हणण्यासारखं.

मी म्हटलं, त्या कादंबरीची नवी प्रत घ्या आणि पुढचा भाग वाचून टाका. ते उखडले. "भागीतला माल आहे, पाव्हणं. दुसरा आणला तर भागी मोडली म्हणायचं." शेवटी मी वाचनालयातून प्रत आणली. ती कापता येत नाही याचं त्यांना मनापासून दुःख झालं, म्हणून त्यांनी मागच्या पानांना रबर लावलं आणि राहिलेला पुढचा भाग पहिल्या पानापासून वाचायला घेतला. मी समोर बसून होतो. थोरल्या भावाने धाकट्याला त्याच्या बायकोसमोर, पोरांसमोर घराबाहेर काढलं, ते प्रकरण आलं. साडूंनी पुस्तक मिटलं, चष्मा काढला आणि काचा पुसल्या. मग म्हणाले, "चुकलंच की हो माझं." उठून चप्पल घातली आणि गल्ली ओलांडली.

चाचांचं दुकान बंद होतं. शेजारच्या रफूवाल्याने सांगितलं, चाचा कालच हैदराबादच्या गाडीत बसले, परत कधी येणार ठाऊक नाही. साडू तसेच त्या कुलपासमोर उभे राहिले. मला त्यांची कीव आली, आणि रागही आला. एवढी मोठमोठी मतं फेकायची, आणि एक साधं वाक्य बोलायला इतका उशीर करायचा!

पुढचे दिवस त्यांनी कसे काढले ते अक्कांनाच ठाऊक. फोन करायला सुचवलं की म्हणायचे, "तोंडानं बोललो तर तोंडानंच मिटवीन." बंद शटरकडे बघून कापड फाडायचे आणि माप चुकवायचे. शेवटी एका सकाळी समोरचं शटर वर गेलं. चाचा आत उभे होते, थोडे वाळलेले, पण चेहरा उजळलेला. साडू गादीवरून उठले. दुकानात गिऱ्हाइकं होती, गल्लीत हमाल होते, आणि जिथे बोलले होते तिथेच, तेवढ्याच मोठ्या आवाजात ते म्हणाले, "चाचा, माझं चुकलं."

चाचांनी विचारलं, "किताबीबद्दल, का माझ्याबद्दल?"

"दोन्हीबद्दल."

चाचांनी मान हलवली. "न्हाई सेठ. किताबीबद्दल चुकले तुम्ही. माझ्याबद्दल बराबर होते. म्हणून तर गेल्तो." मग म्हणाले, "भाईजान जिंदा भेटले. आणखी थोडा उशीर केला असता तर..." साडूंनी चाचांचा हात धरला आणि तो सोडायचंच विसरून गेले, अगदी गिऱ्हाइकाने दोनदा हाक मारेपर्यंत.

चाचा परत आले होते ते दुकान आवरायला. भावाने कायमचं परत येऊ द्यायला नकार दिला होता. म्हातारपण दोघांनी एका छपराखाली काढायचं ठरलं होतं. जाण्याआधी त्यांनी आपला अर्धा भाग साडूंना दिला आणि साडूंचा गाडीत वाचायला घेतला. स्टेशनवर आम्ही सगळे गेलो होतो. गाडी हलली तेव्हा साडू खिडकीच्या बाजूने चालत म्हणत होते, "शेवट वाचून फोन करा, चाचा. सगळ्यांना पटंल असा न्हाई तो." चाचा आतून ओरडले, "देखेंगे!" आणि साडू कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले.

फोन होतात. पण भाऊ अजून अंथरुणावरच असतो, त्याच्या उशाशी जोरात बोलता येत नाही, आणि हळू आवाजात मत देणं साडूंना जमत नाही. चाचांच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकणारा एक तरुण बसतो, गुणी आहे, कानात गाणी लावून असतो. परवा मी दुकानात होतो. साडूंनी एक नवी कादंबरी गादीवर आपटली आणि ठणकावून सांगितलं, "या लेखकाला बायकांतलं काही कळत न्हाई." गल्लीत वर्दळ होती, हमाल नेहमीसारखे पोती घेऊन चालले होते, त्यातला एक सवयीने थबकला. साडू बोलून थांबले आणि समोर बघत राहिले. मी घाईघाईने म्हणालो, असं कसं, मला तर ती नायिका चांगली वाटली. त्यांनी माझ्याकडे मोठ्या मायेने पाहिलं. "तुमी वाचली न्हाई, पाव्हणं," ते म्हणाले, आणि हमालाला हातानेच पुढे जायची खूण केली.