शीलाचा पूर्ण व्हिडिओ

शीला गेल्याचं मला गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. आमच्या माजी सरपंचांनी तिचा फोटो टाकला होता. चारी बाजूंनी फुलं आणि खाली, 'गावाची रणरागिणी हरपली.' त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी बसून मी ते पाहिलं आणि रडू येण्याआधी संताप आला. सात महिन्यांपूर्वी याच ग्रुपवर याच माणसाने तिची ती क्लिप टाकून लिहिलं होतं, 'हिला गावात ठेवायचं का, तुम्हीच ठरवा.' तेव्हा खाली अंगठे उमटवणारे आणि आता हात जोडणारे लोक तेच होते. मी एकेक नाव ताडून पाहिलं.

बाभुळगाव तालुक्यातल्या आमच्या गावी शीला आणि मी दहावीपर्यंत एका बाकावर बसलो. मी पुढे शिकून शिक्षिका झाले. तिचं लग्न गावातच, बौद्ध वस्तीतल्या भीमरावशी झालं. घरी शिवणकाम करायची. जीभ फटकळ आणि हसणं असं की गल्लीच्या टोकाला ऐकू जावं. तिनं फोन घेतला तेव्हा व्हिडिओ काढायला मीच शिकवलं. "माये, याच्यात मी लई काळी दिसून राह्यली," म्हणत पोट धरून हसली होती...

गावात पाण्याची टाकी झाली, दारोदार नळ बसले. उद्घाटनाला टँकरनं टाकी भरली, फोटो निघाले, आणि दुसऱ्या दिवसापासून नळ कोरडे. बाया पुन्हा शिवारातल्या विहिरीवर. अर्ज देऊन झाले, खेटे घालून झाले. मग एका सकाळी शीलानं नळासमोर फोन धरला. "आज मंगळवार. हा माह्या घरचा नळ. उघडून राह्यली, पाहा... आली का? हवा आली." एवढंच. बुधवारी पुन्हा तेच, गुरुवारी पुन्हा तेच. शिवी नाही, घोषणा नाही. फेसबुकवर लोक रोज सकाळी तिच्या नळाची वाट पाहू लागले. हळूहळू दिग्रसकडच्या, पांढरकवड्याकडच्या बायाही आपापले नळ उघडून दाखवू लागल्या. साहेबांच्या गाड्या गावात आल्या, ठेकेदाराला जाब विचारला गेला. ठेकेदार म्हणजे माजी सरपंचांचा भाचा.

नवरात्र आलं. दुर्गादेवीच्या मंडपाला रोज टँकर येत होता. शीला लाइव्हमध्ये त्यावर बोलली. शब्दन् शब्द मला पाठ आहे. "काल एक जण मले म्हणे, देवीले कायले पाणी पाह्यजे, तो टँकर तुम्हीच घ्या. मी म्हटलं, नाही बापा. तिथं एवढ्या बाया स्वयंपाक करतात, देवीले पाणी जाऊ द्या. पण आमालेबी द्या ना!"

यातले चार शब्द कोणीतरी कापून घेतले. 'देवीले कायले पाणी पाह्यजे.' मागचं नाही, पुढचं नाही. संध्याकाळपर्यंत ते चार शब्द तालुकाभर फिरले. बौद्ध बाई देवीबद्दल असं बोलली, म्हटल्यावर लोकांना आणखी काय हवं होतं? तिच्या घराच्या टिनांवर दगड पडले. शिवायला दिलेले ब्लाऊज बाया अर्धवट परत घेऊन गेल्या. शेकडो लोकांनी तक्रारी करून तिचं पेज बंद पाडलं, त्याबरोबर नळाचे सगळे व्हिडिओही गेले. तिला ग्रुपमधून काढलं. वस्तीतल्या कोणी पूर्ण व्हिडिओ दाखवला तर तो 'बनवलेला' ठरत होता.

तो व्हिडिओ माझ्याकडेही होता. प्रत्येक लाइव्हनंतर ती मला पाठवायची, बरी बोलली का विचारायला. तिचा फोन आला.

"माये, तू टाक ना ग्रुपवर. तू मॅडम आहे. तुह्यं ऐकतीन लोक."

"शीला, आता वातावरण तापलंय गं. दोन दिवस थांब."

ती म्हणाली, "राहू दे. तुले तरास नको."

मी भ्याले होते. मुख्याध्यापकांना, गल्लीला, घरातल्यांना. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर आज हा लेख लिहिणं सोपं गेलं असतं. दोन दिवसांचे सात महिने झाले.

विहिरीवर बाया तिला टोमणे मारायच्या, ती दिसली की दोर आवरून घ्यायच्या. म्हणून ती कोणी नसताना जाऊ लागली. भर दुपारी, एकटी. आमच्याकडची मे महिन्यातली दुपार ज्यांनी सोसली आहे त्यांना जास्त सांगायला नको. बांधावर ती कोसळली आणि बऱ्याच वेळानं एका मजुराला दिसली. डॉक्टरांनी उष्माघात लिहिलं. लिहोत. ऊन कोणी निवडून दिलं नव्हतं, ते दरवर्षी येतं. तिला त्या उन्हात कोणी धाडलं, त्यांची नावं माझ्या फोनमध्ये आहेत. पहिलं माझं आहे.

त्या फुलांच्या फोटोखाली मी पूर्ण व्हिडिओ टाकला. पहिलं उत्तर आलं, 'मॅडम, गेलेल्या जिवाला शांती लाभू द्या. जुनं कायले उकरून राह्यल्या?' पाच मिनिटांत ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सोय झाली. कापलेली क्लिप पुढे ढकलताना यांच्यातल्या एकालाही शांती आठवली नव्हती!

गेल्या रविवारी तिच्या घरी गेले. भीमराव ओसरीवर बसला होता, त्यानं माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. मुलगी, कांचन, यवतमाळला नर्सिंग शिकते, ती घरी आलेली. तिनं माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. त्याला हात लावायचा मला धीर होईना.

"मावशी," ती म्हणाली, "सात महिने कुठं होता हा व्हिडिओ?"

"माझ्या फोनमध्ये."

मला वाटलं, आता ती बोलेल. बोलावं, अशीच माझी इच्छा होती. तिनं पेला उचलून माझ्या हातात दिला.

"प्या," ती म्हणाली. "आज मी आणलं. दुपारी विहिरीवर गेलती."

मी पाणी प्यायले. ते कोमट होतं.